खोट सांगणारा कंडक्टर

परवा दुकानात एक गिऱ्हाईक आलं होतं. वडील वारले होते त्याचे, दहाव्याचा मंडप ठरवायला आला होता. मंडप, खुर्च्या, पाण्याचे जार, साउंड असं सगळं बोलून झालं आणि उठता उठता तो म्हणाला, "आन् मयताचा आवाज ह्यातच धरलाय ना?"

"कसला आवाज?"

"आवो ते न्हाई का, एआयवर करत्यात. म्हातारा बोलतो समद्यांशी. तिकडं मारुंजीला एका दहाव्याला हुतं. लई रडली माणसं."

मी त्याला दुकानातून घालवून दिलं. हात धरून नाही, पण जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. बायको आतून बाहेर आली आणि म्हणाली, "बाप मेलाय त्याचा. अशानं धंदा करणार का तुम्ही?" तिचं बरोबर होतं. त्या बापड्याला काय ठाऊक? त्यानं एक गोष्ट कुठं तरी पाहिली आणि आपल्या बापालाही ती मिळावी असं त्याला वाटलं. पण मला कंडक्टर आठवले आणि डोकं फिरलं ते संध्याकाळपर्यंत ताळ्यावर आलं नाही.

कंडक्टर म्हणजे आमच्या भागातले दहाव्याला बोलणारे गृहस्थ. सगळी नोकरी एसटीत गेली. निवृत्त झाले, कातडी पिशवी जमा केली, पण नाव काही जमा झालं नाही. त्यांची बायकोसुद्धा "कंडक्टर, जेवायला या" अशीच हाक मारायची. आम्ही धाकटी मंडळी त्यांना तोंडावर तात्या म्हणायचो आणि पाठीमागं कंडक्टरच. ते मात्र कुणालाच नावानं हाक मारत नसत. मला ते "ए स्पीकर" म्हणत. न्हाव्याला "कात्री". प्रवचनकार महाराजांना "महाराज" म्हणत, पण सूर तोच असायचा.

आमच्याकडं दहावा नदीच्या घाटावर होतो. सकाळची वेळ, पिंडाची तयारी एका बाजूला, मंडपात माणसं, महाराजांचं प्रवचन, आणि मग श्रद्धांजलीची भाषणं. मयत जेवढा वजनदार तेवढे बोलणारे जास्त. ज्यानं हयातीत म्हाताऱ्याला रामराम घातला नसेल तोही उठून पाच मिनिटं घेतो. ह्या सगळ्यांच्या शेवटी कंडक्टर उठायचे. मंडपाच्या खांबावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायचे. डबल बेल. ती वाजली की मागं उभी असलेली माणसं आपोआप गप्प व्हायची. "पुढं सरका, मधी जागा हाय," असं म्हणून ते सुरुवात करायचे. बैलगाडा शर्यतीतही समालोचन त्यांचंच असायचं, त्यामुळे आवाजात एक भरधाव गाडा कायम जुंपलेला. मी कधी साउंडला जरा जास्त घुमारा दिला, तर माईकवरूनच ओरडायचे, "घुमवू नको रं! माणूस मेलाय, बैल न्हाई पळत."

आणि मग ते मयताची खोट सांगायचे.

खोट म्हणजे उणीव, वैगुण्य. मेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये असं सगळं जग म्हणतं. कंडक्टरांचं म्हणणं उलटं. "गुण काय, समद्यांचे सारकेच," ते म्हणायचे. "कष्टाळू, मनमिळाऊ, देवभोळा. तुझ्या मयताचं भाषण माझ्या मयताला चालतंय. माणूस वळखू येतो त्यो खोटीवरनं." राख सावडून झाली की ते त्या घरी जायचे, उंबऱ्याबाहेर बसायचे, आणि येईल त्याला विचारायचे, "म्हाताऱ्याची एक खोट सांग." घरचे चिडायचे. मग ते शेजाऱ्याला गाठायचे, गिरणीवाल्याला गाठायचे, कात्रीला तर गाठायचेच. दारू, बाई, भाऊबंदकी असलं काही कुणी सांगू लागलं की हात वर करायचे. "चावडीवरली खोट नगं. चुलीम्होरली पायजे."

एका आक्काचा दहावा मला विसरता येत नाही. कडक म्हातारी, सुनेचा जन्म गेला तिच्या हाताखाली. म्हातारी गेल्यापासून सुनेच्या डोळ्याला पाणी नव्हतं आणि गावातल्या बायका त्यावरून कुजबुजत होत्या. कंडक्टर उठले, डबल बेल दिली आणि म्हणाले, "आक्कानं देवळात साखर ओंजळीनं वाटली. आन् सुनेच्या चहात चमचा उलटा करून घातली." सगळा मंडप हसला. सूनही हसली, तोंडात पदर कोंबून हसली, आणि हसता हसता तिला असा हुंदका फुटला की दोन बायकांना तिला धरून बसवावं लागलं. तोपर्यंत चांगली तीन भाषणं झाली होती. त्यांत वात्सल्यमूर्ती काय आणि मायेचा सागर काय, सगळं येऊन गेलं होतं. कुणालाही आक्का दिसली नव्हती.

आता लगेच त्यांना संत करू नका. हेकट माणूस होता. आपल्या आवाजाचा भारी गर्व. दुसऱ्या कुणाच्या हातात माईक गेला की ह्यांच्या कपाळाला आठ्या. कुणाची खोट सांगणार ते घरच्यांना आधी कळवणं, विचारणं, हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. एकदा एका मयताच्या मेहुण्यानं भर मंडपात त्यांची गचांडी धरली. हे काय म्हणाले असतील? "डबल बेल झालीया, आता मधी गाडी थांबत न्हाई." आणि उरलेलं भाषण गचांडी धरलेल्या अवस्थेत पुरं केलं. मी एकदा त्यांच्या बायकोला म्हणालो, "काकू, तात्या घरात पण असंच बोलतात का?" ती म्हणाली, "घरात कुटं बोलतंय ते? समदं घाटावर."

मग हिंजवडीकडून मोबाईलमधलं ते नवं आलं.

आमच्याकडं सगळं हिंजवडीकडून येतं. आधी रस्ता आला, मग खोल्यांची भाडी आली, मग टँकर आले. ह्या वेळेस भाषण आलं. आता श्रद्धांजली लिहायला डोकं खाजवायला नको, मोबाईलला सांगितलं की तो लिहून देतो. मी साउंडवाला, मला ते सगळ्यात आधी कळलं, कारण एका आठवड्यात वेगवेगळ्या घाटांवर तीन वेगळ्या पुढाऱ्यांनी एकच वाक्य म्हटलं: "ते केवळ एक व्यक्ती नव्हते, तर एक चालतेबोलते विद्यापीठ होते." पहिला मयत दूध घालायचा. दुसरी तर बाई होती, तिलाही "होते"च म्हणाले. तिसरा ट्रॅक्टर चालवायचा.

त्या ट्रॅक्टरवाल्याच्या दहाव्याला माजी सरपंच बोलत होते. म्हणजे वाचत होते, चष्मा कपाळावर, मोबाईल नाकासमोर. विद्यापीठ झालं, दीपस्तंभ झाला, पोकळी झाली. शेवटी आवाज खाली आणून, गहिवर घालून त्यांनी वाचलं, "तुम्हाला हे भाषण आणखी भावनिक करून हवे आहे का?"

आणि मागून कंडक्टरांचा आवाज, "व्हय, करा की! अजून कोणच रडलं न्हाई!"

माणसांनी तोंडात टॉवेल कोंबले. मग कंडक्टर स्वतः उठले आणि म्हणाले, "ह्यो गडी विद्यापीठ नव्हता. ह्यो दुसऱ्याच्या रानात नांगर घालायला गेला की शेजाऱ्याच्या बांधातलं हातभर आत घ्यायचा. मालकानं सांगितलं नसलं तरी घ्यायचा." म्हातारी माणसं माना हलवून हसली. मयताचा पोरगाही हसला. असा हसणारा तो मात्र शेवटचाच. त्यानंतर हळूहळू माझ्या कानाशी येऊन लोक सांगायला लागले, "कंडक्टरला माईक नका देऊ बरं का." मोबाईलचं भाषण बेस्ट असतं म्हणे. कुणाची उणीव नाही, कुणाला टोचत नाही, पाहुण्यांत चर्चा नाही. मला राग आला तो तेव्हापासून. मेलेल्याला इस्त्री करून ठेवायची सोय झाली आणि सगळ्या गावाला ती आवडली.

ह्या सगळ्यात पुढं होता बाळासाहेब. गावातले मोठे शेतकरी आबा, त्यांचा एकुलता एक मुलगा. आबांची जमीन हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून. काही विकली, काहीवर शेजारच्या जांबे गावात खोल्या बांधून आयटीच्या पोरांना भाड्यानं दिल्या, आणि आता प्लॉटिंगचं ऑफिस टाकलेलं. एके दिवशी मारुंजीच्या रस्त्यावर एक टेम्पो फिरायला लागला आणि त्यातून कंडक्टर ओरडत होते, "आला, आला, आला! मुळशीचा एक नंबर प्रोजेक्ट आला! पुढं सरका, पुढं सरका, मोजकेच प्लॉट ऱ्हायल्यात!"

कंडक्टर त्या वेळी माझ्या दुकानात चहा पीत होते.

शर्यतींचे व्हिडिओ मोबाईलवर पडलेलेच होते. त्यातून आवाज उचलायचा आणि त्या आवाजाला पाहिजे ते बोलायला लावायचं. कपबशी खाली ठेवून ते टेम्पोच्या मागं चालत गेले, मीही गेलो. चौकातला टपरीवाला म्हणाला, "काय कंडक्टर, आता प्लॉट इकायला लागला व्हय?" त्या वाक्यानं त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही. ज्या माणसानं मेलेल्याची खोटी स्तुती केली नाही, तो जिवंतपणी पाणथळ जागेला "निसर्गाच्या कुशीत" म्हणत फिरत होता.

आम्ही चौकीत गेलो. तिथले हवालदार चांगले माणूस होते, खुर्ची दिली.

"काय चोरीला गेलं?"

"आवाज."

"कुणाचा?"

"माझा."

हवालदारांनी त्यांच्याकडं पाहिलं. "त्यो तर तुमच्याकडंच हाय की, तात्या. मला ऐकू येतोय."

मी हसलो नाही. आज सांगताना लोक हसतात, पण त्या खोलीत एक म्हातारा माणूस आपला गळा पुन्हा पुन्हा हातानं चाचपत होता. तिथून आम्ही बाळासाहेबाच्या ऑफिसात गेलो. थंडगार काचेची खोली. तो उठून पाया पडला आणि म्हणाला, "तात्या, त्यो आवाज तुमचा न्हाई. तुमच्यासारखा हाय. फरक हाय त्यात."

"काय फरक?"

"तुमी खोटी काढता. ह्यो न्हाई काढत."

मला वाटलं आता कंडक्टर त्या काचेवर काहीतरी फेकणार. ते नुसते उठून बाहेर आले. पुढच्या शर्यतीला समालोचनाला गेले नाहीत, त्याच्या पुढच्यालाही नाही. दहाव्यांना मात्र जायचे, माईक मिळाला नाही तरी माझ्या शेजारी बसायचे.

मग आबा वारले.

आबांची एक हाक साऱ्या गावाला पाठ होती. विहिरीवर उभं राहून ते लेकाला बोलवायचे, "बाळाऽऽ!" तो आवाज रस्त्यापर्यंत यायचा. त्यात काय माया असायची! एरवी दगडासारखा माणूस, पण ते "बाळा" म्हणताना त्यांच्या घशाला पाझर फुटायचा. त्यांना एक लेकही होती, शकुंतला, बाळासाहेबाहून मोठी. तिला ते हाक मारत, "कोण हाय रं तिकडं, पाणी आण." बस. कोण हाय रं तिकडं. शकुताई लग्न होऊन गेली, विधवा होऊन परत आली, जांब्यात एका खोलीत राहून आयटीच्या पोरांना डबे करून देऊ लागली, तरी बापाच्या तोंडी तिला नाव नव्हतं.

बाळासाहेबाला उरलेली जमीन विकायची होती आणि त्यासाठी बहिणीची हक्कसोडावर सही हवी होती. शकुताईचं म्हणणं एवढंच की जुन्या विहिरीजवळ मला घरापुरती जागा दे, मग सही घे. कंडक्टर तिच्या बाजूनं. जाता-येता तिच्या दारात थांबून सांगायचे, "सही करायची न्हाई. घर मिळाल्याबिगर सही करायची न्हाई." ती हसायची आणि चहा टाकायची.

दहाव्याला घाट माणसांनी भरला होता. आबांचा पिंड मांडला, माणसं बाजूला झाली, आणि कावळा शिवेना. समोरच्या उंबरावर चांगले पाच-सहा बसलेले, पण एक खाली येईना. कावळा शिवत नाही म्हणजे मयताची काहीतरी इच्छा राहिली, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. मग घरच्यांनी पिंडापुढं हात जोडून वचन द्यायचं, तुझं अमुक करतो, तमुक सांभाळतो. कुजबूज सुरू झाली. "लेकीचं ऱ्हायलंय काय तरी." एक जाणता माणूस सगळ्यांदेखत बोलला, "बाळासाहेब, म्हण बाबा. बहिणीला घरापुरती जागा देतो म्हण. म्हातारा मोकळा हुईल."

मी कावळाबिवळा मानत नाही. पण त्या सकाळी मी मनातल्या मनात त्या कावळ्यांना विनवत होतो, येऊ नका रे बाबांनो, जरा दम धरा. कोर्ट-कचेरी जिला परवडत नाही अशा बाईच्या बाजूनं त्या घाटावर तेवढाच एक वकील होता.

बाळासाहेब शांतपणे माझ्याकडं आला. मोबाईल माझ्या मिक्सरला जोडला. "अभंग लावायचाय," म्हणाला. आणि माझ्या दोन्ही पेट्यांतून आबा बोलायला लागले.

"रामराम मंडळी. मी आबा बोलतोय." मागं खोकल्याची उबळ. तीच, घशात अडकणारी. "माझं सगळं भरून पावलं आहे. माझी कोणतीही इच्छा राहिलेली नाही. शकू बाळा, रडू नकोस. मी तुला कधी सांगू शकलो नाही, पण तू माझ्या काळजाचा तुकडा आहेस. आता भावाच्या पाठीशी उभी राहा. त्याला जे हवं ते मोकळ्या मनानं दे. माझ्या आत्म्याला शांती मिळेल."

सगळी माणसं माझ्या पेट्यांकडं वळली. पिंडाकडची पुढं सरकली. एक म्हातारी तर पेटीलाच हात जोडून उभी राहिली. पिंडाजवळ चिटपाखरू उरलं नाही आणि अर्थातच चिटपाखरू खाली आलं. मोकळी जागा मिळाल्यावर कावळा कशाला थांबतोय? "शिवला! शिवला!" एकच गलका. आबा बोलले आणि कावळा शिवला. झालं, देवानं सही-शिक्का मारला. तिकडं काचेच्या इमारतीत बसून ज्यांनी हे आवाजाचं यंत्र घडवलं त्यांनी कसकसल्या चाचण्या घेतल्या असतील कोण जाणे. आमच्या घाटावर ते कावळ्यानं पास केलं.

कंडक्टरांनी डबल बेल दिली नाही. माझ्या हातातला माईक हिसकावला.

"ह्यो आबा न्हाई!" ते ओरडले. "आवाज आबाचा हाय, बोली पुण्याची हाय! आबा उभ्या जन्मात 'आहे' म्हणाला व्हय? आन् बाळा? बाळा ही हाक ह्याची!" त्यांनी बाळासाहेबाकडं बोट केलं. "लेकाला बोलून धाडलेलं निरोप मोबाईलला चारल्यात, म्हणून त्याच्या तोंडात बाळा आलं!"

"स्पीकर बंद कर!" बाळासाहेब माझ्यावर धावला. मी बंद केला नाही. आवाज वाढवला.

"आबाची खोट सांगतो, ऐका! ह्या बापानं ह्या लेकीला जन्मात नावानं हाक मारली न्हाई! कुणी ऐकली आसंल तर हात वर करा! कोण हाय रं तिकडं, येवढंच तिचं नाव! लग्नात पाठवणीच्या टायमाला ही गळ्यात पडाया आली, मी बाजूलाच हुतो, तर म्हातारा म्हणाला, जरा बाजूला हो, बाळा कुटं गेला बघू दे!"

हात कुणाचाच वर झाला नाही. सगळे वळून शकुताईकडं बघायला लागले. तिनं पदर पुढं ओढला आणि ती खाली, आपल्या पायांकडं बघत राहिली. मला वाटलं होतं ती उठेल, ओरडेल, भावाला जाब विचारेल. त्याच जाणत्या माणसानं कंडक्टरांच्या हातातून माईक काढून घेतला. "बास करा, कंडक्टर. कावळा शिवलाय."

आठवडा गेला असेल नसेल, शकुताईनं सही केल्याचं कळलं. घर नाही, जागा नाही, नुसती सही.

कंडक्टर माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "ए स्पीकर, गाडी काढ." आम्ही जांब्याला गेलो. दुपारची वेळ होती. ती डब्यांच्या पोळ्या लाटत होती. खोलीत पंखा होता पण तो शेगडीमुळं बंद ठेवलेला.

"केलीस सही?" कंडक्टर दारातूनच म्हणाले.

"केली."

"आगं, त्यो आबा न्हवता!"

"ठावं हाय मला." तिनं पोळी उलटली. "मला खुळी समजता का, तात्या? आबा गेला तवा मी उशाला हुते. मी तोंडात पाणी घालत हुते, आन् त्यो दाराकडं बघून बाळा बाळा करत गेला."

"मग? मग कशापायी?"

तिनं पुढचा गोळा पिठात घोळला. मग म्हणाली, "आबाच्या तोंडात बाळा लई ग्वाड यायचं. ल्हानपणी मला वाटायचं, आपलं नावच बाळा असतं तर."

कंडक्टर खाली बसले.

"तुमी घाटावर बोलला ते समदं खरं हाय," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यानंच ते जास्त लागलं. "पर ते मी कुणाला सांगितलं न्हवतं, तात्या. नवऱ्यालाबी न्हाई. माझ्या सासरची माणसं बसली हुती तितं."

मला तर कुणाचा राग करावा तेच कळेना. बाळासाहेबाचा येतच होता. आबांचा आला, मेलेल्या माणसाचा येऊ नये इतका आला. कंडक्टरांचा आला. आणि जे यंत्र कुणालाही ओळखत नाही, ज्याला शकू कोण हे ठाऊक नाही, त्यानं एका बाईची जन्माची भूक नेमकी ओळखावी आणि तिच्या भावाच्या हातात द्यावी, ह्याचा तर सगळ्यात जास्त आला. "टेक्नॉलॉजी वाईट नसते, वापरणारा वाईट असतो," असं मला आता कुणी सांगितलं तर त्याला मी जांब्याच्या त्या खोलीत नेऊन बसवीन.

तेवढ्यात तिनं माझ्याकडं पाहिलं. "स्पीकरवाले, तुमी दहाव्याचं समदं रेकॉर्ड करता ना? बाळा म्हणला हुता, सही कर, आबांचं बोलणं तुझ्या मोबाईलवर धाडतो. आता फोनच उचलत न्हाई."

ते माझ्याकडं होतं. मिक्सरमधून सगळं माझ्या मोबाईलमध्ये उतरतं. पण मी ते देणार नव्हतो. मी कंडक्टरांकडं पाहिलं. मला वाटलं, हे खवळतील, म्हणतील फेकून दे ती घाण. त्यांनी शेगडीकडं पाहिलं.

"दे तिला," ते म्हणाले.

मी पाठवायला लागलो, तशी ती पुढं आली. "समदं नगं. ते पाठीशी उभी राहा, त्याला दे, ते नगं. बाळाच्या फुडं तोडा."

मी जिन्यात बसून ते तोडलं. रामराम मंडळी काढलं, इच्छा काढली, काळजाचा तुकडा काढला, आत्म्याची शांती काढली. दोन शब्द उरले. ते तिच्या मोबाईलवर पाठवले. तिनं मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि पुन्हा लाटणं हातात घेतलं. आम्ही निघालो. कंडक्टर पुढं, कठड्याला धरून, एकेक पायरी.

वरून आवाज आला, "शकू बाळा." जरा वेळानं पुन्हा, "शकू बाळा." कंडक्टर जिन्यात थांबले, कारण आता मधेच आणखी एक आवाज येत होता. हाताला पीठ लागलेलं, म्हणून ती बहुतेक कोपरानं बटण दाबत होती, आणि दर हाकेला वरून "ओ" देत होती.